बंद इमारतीतील शेती आणि गच्चीवरचे ऊन: शहरी शेतीच्या तंत्रज्ञानाचा हिशेब

वाफसा (धागाकर्ता), पुणे

इमारतीच्या आत, एकावर एक थर रचून, कृत्रिम प्रकाशावर पालेभाज्या पिकवणाऱ्या, म्हणजे ‘उभी शेती’ करणाऱ्या, मोठ्या कंपन्यांची २०२२ ते २०२५ या काळात जी पडझड झाली, तिची आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही. बर्लिनच्या इनफार्मने नोव्हेंबर २०२२ मध्ये निम्म्याहून अधिक कर्मचारी कमी केले. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये कॅलेरा आणि जून २०२३ मध्ये न्यू जर्सीची एरोफार्म्स यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ मध्ये जिचे मूल्य २.३ अब्ज डॉलर धरले गेले होते, त्या बोवरी फार्मिंगने नोव्हेंबर २०२४ मध्ये काम थांबवले, आणि मार्च २०२५ मध्ये प्लेंटी ही कंपनीही दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. एरोफार्म्स आणि प्लेंटी पुनर्रचना करून त्यातून बाहेर पडल्या, पण प्लेंटीने पालेभाज्यांवरचा भर सोडून व्हर्जिनियातील स्ट्रॉबेरीकडे मोहरा वळवला. हे सगळे घडत असताना आपल्या शहरांत मात्र याच पद्धतीचे प्रशिक्षणवर्ग, प्रदर्शने आणि गुंतवणुकीची आमंत्रणे चालूच आहेत. म्हणून या विषयाचा मूळ हिशेब सर्वांनी मिळून तपासावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

या कल्पनेचा उगम लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिए यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये मॅनहॅटनच्या सर्व गच्च्यांवर शेती केली तर किती लोकांचे पोट भरेल, याचे गणित मांडले आणि उत्तर सुमारे दोन टक्के लोकसंख्या एवढेच आले. गच्ची अपुरी पडते, तर मग इमारतीचे सगळे मजलेच शेतीला का देऊ नयेत, हा पुढचा प्रश्न होता आणि त्यातून उभ्या शेतीचा विचार जगभर पोहोचला. गच्चीवरून खालच्या मजल्यावर उतरताना पिकावरचे ऊन मात्र सुटले, आणि पुढच्या सगळ्या अडचणी त्या एका पायरीतून आल्या आहेत, असे माझे मत आहे.

हिशेब असा आहे. लेट्यूससारख्या सॅलडच्या पानांना चांगल्या वाढीसाठी दर चौरस मीटरला दिवसाकाठी १५ ते १७ मोल प्रकाशकण लागतात (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). आजचा चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा एक ज्यूल विजेमागे सुमारे ३ मायक्रोमोल प्रकाशकण देतो. याचा भागाकार केला की एका थराच्या एका चौरस मीटरला रोज सुमारे दीड युनिट वीज केवळ दिव्यांसाठी लागते. त्या थरातून वर्षाला ८० ते १०० किलो पाने निघाली असे उदारपणे धरले, तरी किलोमागे साडेपाच ते सात युनिट खर्ची पडतात. दिव्यांची उष्णता बाहेर काढणे, पानांनी हवेत सोडलेली वाफ शोषून घेणे, पंखे आणि पंप चालवणे हे सारे यानंतर येते. ज्या शेतांचे व्यवस्थापन सरासरी दर्जाचे आहे त्यांची स्थिती याहून पुष्कळ बिकट असते. २०२१ मध्ये नियंत्रित वातावरणातील शेतीची जी जागतिक पाहणी झाली, तिच्यात बंदिस्त उभ्या शेतीची सरासरी किलोमागे ३८.८ युनिट आणि काचगृहांची ५.४ युनिट आली होती. विजेचा व्यापारी दर दहा रुपये धरला, तर सर्वांत काटकसरी शेतातही पानांच्या किलोमागे सत्तर-ऐंशी रुपये, आणि पाहणीतील सरासरी शेतात जवळजवळ चारशे रुपये, वीजबिलातच जातात.

आता वरचे ऊन पाहू. मुंबई-पुण्यात वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट सौरऊर्जा पडते. त्यातला वनस्पतींच्या कामाचा भाग मोलमध्ये मोजला, तर तो लेट्यूसच्या गरजेच्या दुपटीहून अधिक भरतो. म्हणूनच आपल्याकडे पालेभाजी करणारा शेतकरी उन्हाळ्यात पन्नास टक्के सावलीची शेडनेट लावतो. जिथे ऊन अर्धे अडवावे लागते, तिथे भिंती बांधून ते पूर्ण बंद करायचे आणि मग विजेने परत निर्माण करायचे, या योजनेसाठी फार मोठे कारण दाखवता आले पाहिजे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीच्या माध्यमातून शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना पानांच्या क्षेत्रफळावरून सूर्यप्रकाशाचा जमाखर्च मांडायला शिकवले होते. शहरी शेतीच्या चर्चेत तो जमाखर्च आज कोणी मांडत नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

धान्याचा प्रश्न एका वाक्यात संपण्यासारखा आहे. एक हेक्टर जागेत दहा थरांत गहू घेतला तर वर्षाला सुमारे ७०० टन उत्पादन निघू शकेल, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिती प्रारूपाच्या आधारे मांडला गेला, जगाची सरासरी हेक्टरी तीन टनांच्या थोडी वर असताना ही झेप विलक्षणच म्हटली पाहिजे. पण प्रकाशाच्या खर्चामुळे तो गहू बाजारात टिकणार नाही, हेही त्याच अभ्यासकांनी नमूद केले. म्हणून प्रत्यक्षात उरतात ती पाने, आणि शंभर ग्रॅम लेट्यूसमध्ये १५ कॅलरी असतात. शहराच्या अन्नसुरक्षेची भाषा करताना एवढे भान ठेवले पाहिजे.

मातीविना शेती, ठिबक, संवेदक, पाण्याचा पुनर्वापर, जैविक कीडनियंत्रण या तंत्रज्ञानाला माझा पाठिंबाच आहे. ते उन्हाखाली वापरावे, एवढाच माझा आग्रह आहे. सदस्यांनी आपापल्या कामातील अनुभव आणि आकडे मांडावेत, ही विनंती.


दीपस्तंभ, बंगळुरू

लेख अभ्यासपूर्ण आहे, तरी निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. ज्या कंपन्या बुडाल्या त्या केवळ विजेमुळे बुडाल्या असे म्हणणे अपुरे आहे. व्याजदर जवळजवळ शून्य असताना त्यांनी भांडवल उभारले, एका शेतात नफा दिसण्याआधी पुढची चार शेते बांधायला घेतली, आणि २०२२ मध्ये व्याजदर चढू लागताच पैशाचा ओघ आटला. युक्रेनवरील हल्ल्यानंतर युरोपात विजेचे भाव भडकले, तो आघात वेगळाच होता. त्याउलट जपानमधील क्योटोच्या स्प्रेड या कंपनीचे पाहा. तिने २००७ मध्ये कामेओका येथे कारखाना सुरू केला, तो हळूहळू नफ्यात आणला, आणि त्यानंतरच २०१८ मध्ये दिवसाला ३०,००० लेट्यूसच्या क्षमतेचे दुसरे, बरेचसे स्वयंचलित केंद्र उभारले. संयमाने काम केले तर ही पद्धत चालते, असाच याचा अर्थ नाही का?

दुसरे असे की सौर पॅनेलच्या किमती आपल्या डोळ्यांदेखत कोसळल्या आहेत आणि एलईडीची कार्यक्षमता दरवर्षी वाढत आहे. आजच्या आकड्यांवरून उद्याचा निकाल देणे घाईचे ठरेल. छतावर पॅनेल बसवून खाली भाजी पिकवली, तर वीजबिलाचा आक्षेप कितपत उरतो?


वाफसा (धागाकर्ता), पुणे

दीपस्तंभ, भांडवलाविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे, आणि जपानचे उदाहरण तर या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक उदाहरणांपैकी एक आहे. मात्र तिथली मागणी कोणत्या प्रकारची आहे हेही पाहावे लागेल. वादळे आणि थंडी यांमुळे तिथे शेतातील लेट्यूसचा भाव वर्षभरात मोठ्या प्रमाणात वरखाली होतो, आणि तयार सॅलड व सँडविच विकणाऱ्या दुकानांच्या साखळ्यांना बारा महिने एकाच वजनाचा, न धुता वापरता येणारा माल ठरलेल्या भावात हवा असतो. त्या हमीसाठी ते जास्त मोल देतात. आपल्या मंडईत पालकाची जुडी घेणारी गृहिणी ती हमी विकत घेत नाही, आणि तिने ती का घ्यावी याचे उत्तरही आपल्याजवळ नाही.

दिव्यांच्या सुधारणेला भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. पिकासाठी वापरल्या जाणाऱ्या लाल प्रकाशाच्या बाबतीत, विजेचा एकही कण वाया न घालवणारा आदर्श दिवा तयार झाला तरी तो एका ज्यूलमागे साडेपाच मायक्रोमोलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे आजची दीड युनिटची गरज फार तर पाऊण-एक युनिटवर येईल. सौर पॅनेलच्या किमती जशा दहापटीने उतरल्या तशी घसरण इथे होणे शक्यच नाही.

छतावरच्या पॅनेलचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. चांगले पॅनेल आपल्याकडे एका चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी ०.८ युनिटच्या आसपास वीज देते. एका थराच्या एका चौरस मीटरला नुसत्या दिव्यांसाठी दीड युनिट लागत असेल, तर जवळजवळ दोन चौरस मीटर पॅनेल हवे. दहा थर असतील तर वीस चौरस मीटर, आणि वातानुकूलन धरले तर त्याहूनही अधिक. म्हणजे जी जमीन वाचवण्यासाठी आपण थर रचले, तीच जमीन पॅनेलसाठी दुसरीकडे द्यावी लागते. पानावर थेट पडू शकणाऱ्या उन्हाची आधी वीज करायची आणि त्या विजेचा पुन्हा प्रकाश करायचा, या प्रवासात बहुतांश ऊर्जा वाटेतच संपते.


दूरदेशी, सिंगापूर

मी बरीच वर्षे सिंगापुरात राहतो आणि इथल्या प्रयत्नांकडे आस्थेने पाहत आलो आहे. या देशात शेतीसाठी एक टक्क्याहूनही कमी जमीन आहे आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. २०१९ मध्ये सरकारने २०३० पर्यंत पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के देशातच पिकवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, स्काय ग्रीन्स या शेताने नऊ मीटर उंचीचे मनोरे उभारले होते. त्यांवरच्या कुंड्या पाण्याच्या बळावर सावकाश फिरत राहतात, जेणेकरून प्रत्येक रोपाला आळीपाळीने ऊन मिळावे. धागाकर्त्यांच्या मुद्द्याच्या दृष्टीने हे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण तिथे थर होते आणि ऊनही होते. पुढे गृहनिर्माण वसाहतींच्या बहुमजली वाहनतळांच्या छतांवरही शेतीसाठी जागा निविदा काढून दिल्या गेल्या.

सरकारचे पाठबळ, अनुदान, शिकलेले मनुष्यबळ, आणि चढ्या भावाला भाजी घेऊ शकणारे ग्राहक हे सगळे असूनही अनेक शेते बंद पडली. मलेशियातील कॅमेरॉन हायलँड्सच्या थंड डोंगराळ भागातून रातोरात ट्रकने येणारी भाजी स्वस्त पडते, आणि स्थानिक भाजीसाठी दरवेळी जादा पैसे मोजायला बहुसंख्य लोक तयार होत नाहीत. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ते उद्दिष्ट मागे घेतले आणि २०३५ साठी नवे ठरवले: तंतुमय अन्नाच्या खपापैकी २० टक्के आणि प्रथिनांच्या खपापैकी ३० टक्के. तंतुमय गटात पालेभाज्यांबरोबर मोड आलेली कडधान्ये आणि अळंबी येतात, तर प्रथिनांत अंडी आणि मासळी. यातली निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोडांना आणि अळंबीला उजेड जवळजवळ लागतच नाही, आणि कोंबड्यांचे खाद्य बाहेरून आणता येते.

तरीही इथे हा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. जून २०२२ मध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात एकाएकी थांबवली, तेव्हा या शहराला आपले परावलंबन प्रत्यक्ष दिसले. ज्या देशाला मागे स्वतःचे खेडेच नाही, त्याने थोडी क्षमता घरात राखणे हा विमा आहे आणि विम्याला हप्ता द्यावाच लागतो. मुंबईची स्थिती तशी नाही. तिच्या मागे नाशिक, जुन्नर आणि वसई उभे आहेत.


कोबा, स्थापत्य अभियंता, ठाणे

चर्चा उन्हाकडे, म्हणजे गच्चीकडे वळली आहे, म्हणून माझ्या व्यवसायातील एक गोष्ट विस्ताराने सांगणे कर्तव्य समजतो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार, ज्या सपाट छतावर जाता येते त्यासाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो एवढा चल भार (माणसे, सामान असा येणारा-जाणारा भार) धरला जातो. जिथे जाणे-येणे नाही त्यासाठी त्याच्या निम्मा. पावसात भिजलेल्या मातीचा १५ सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला २५० ते ३०० किलो भरतो. म्हणजे गच्चीभर वीतभर मातीचे वाफे केले की छताची क्षमता तिथेच ओलांडली जाते, आणि हा भार माणसांसारखा येऊन जाणारा नसून कायमचा असतो. शिवाय आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर जलरोधनासाठी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर, घातलेला असतो. गळती थांबत नाही म्हणून काही सोसायट्यांनी जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घातलेला असतो, आणि त्याचे वजन कोणत्याही नकाशावर नोंदलेले नसते.

येथे मातीविना पद्धतीचा खरा फायदा आहे. उथळ नळ्यांतून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहता ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात वाफ्याचे वजन अगदी थोडे असते. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्याही मातीपेक्षा बऱ्याच हलक्या पडतात. जड असते ती पोषकद्रव्याची टाकी: हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन एका चौरस मीटरच्या आसपास एकवटते. ती स्लॅबच्या मध्यावर कधीही ठेवू नये. खांब आणि तुळई जिथे येतात त्या जागीच, तीही अभियंत्याने पाहून झाल्यावर ठेवावी. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो, त्याने शेडनेटचा सांगाडा उचलला जातो. म्हणून सांगाड्याची बांधणी खाली दाबणाऱ्या भारापेक्षा वर उचलणाऱ्या ओढीसाठी तपासावी लागते, आणि ती करताना कोब्याला छिद्रे पाडली तर खालच्या घरात गळती ठरलेली असते.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे लुफा फार्म्सने २०११ मध्ये छतावरचे पहिले व्यापारी काचगृह उभारले आणि २०२० मध्ये एका जुन्या गोदामाच्या छतावर सुमारे १५,००० चौरस मीटरचे काचगृह बांधले. ते यशस्वी ठरण्यामागे गोदामाची मजबूत बांधणी आणि इमारतीतून वर येणारी ऊब ही दोन्ही कारणे आहेत. आपल्याला ती ऊब नको आहे. आपल्या छतावरून उष्णता काढून टाकावी लागते. म्हणून त्या नमुन्याची हुबेहूब नक्कल इथे करू नये. नव्या इमारतींच्या आराखड्यातच गच्चीवर शेतीचा भार धरला, तर वाढणारा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो, आणि महापालिकांनी नियमांतून आग्रह धरायचा असेल तर तो याच ठिकाणी धरावा, असे मला वाटते.


सांजवेळ, सोलापूर

धाग्याच्या विषयाला धरूनच विचारते. बंद खोलीत, मातीशिवाय केशर घेऊन लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती सध्या सर्वत्र दिसतात. माझ्या भाच्याने त्यासाठी कर्ज काढायचे ठरवले आहे. यात तथ्य किती आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


रोपवाटिका, नारायणगाव

ताई, फूल येते हे खरे आहे, आणि त्यामुळेच माणूस फसतो. केशराच्या कंदात आधीच्या हंगामात साठवलेले अन्न असते. तापमान आणि आर्द्रता योग्य राखली तर तो कंद माती आणि पाणी यांच्याशिवायही फुलतो. काश्मीरमध्ये शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठानेही फुलोरा घरात घेण्याच्या पद्धतीचा प्रसार केला आहे, पण तिथे फुले वेचून झाल्यावर कंद परत शेतात लावतात. फुलल्यानंतर त्या कंदाला पाने येतात, त्या पानांनी अनेक महिने ऊन घेऊन नवे कंद पोसायचे असतात, आणि पुढच्या वर्षीचे पीक त्या नव्या कंदांतून येते. हा टप्पा सोलापूरच्या खोलीत साधला नाही, तर दरवर्षी नवे कंद विकत घ्यावे लागतील आणि हिशेब कोलमडेल. एक ग्रॅम सुक्या केशरासाठी दीडशेच्या आसपास फुले लागतात, हेही लक्षात घ्यावे. भाच्याला प्रशिक्षण देणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा: तिसऱ्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या कंदांचे वजन किती होते? त्याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू देऊ नका.

मूळ विषयाबद्दलही थोडे लिहितो. नियंत्रित वातावरणाचे तंत्र आमच्या भागात रुजलेले आहे, फक्त ते भाजीच्या शेतात दिसत नाही, रोपवाटिकेत दिसते. टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे प्रो-ट्रेमध्ये (लहान कप्प्यांच्या ट्रेमध्ये), कोकोपीटवर, कीटकरोधक जाळीखाली तयार होतात आणि शेतकरी ती विकत घेतो. रोप तीन-चार आठवडेच आमच्याकडे राहते, थोड्या जागेत हजारोंनी मावते, आणि निरोगी रोपामुळे पुढचे सगळे पीक सुधारते, म्हणून त्या खर्चाचे मोल मिळते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पोषकद्रव्याचा फवारा मारून रोगमुक्त बियाण्याचे छोटे बटाटे तयार करण्याचे तंत्र बसवले, तेही याच कारणाने टिकले. खाण्याचा बटाटा तसा पिकवावा असे त्या संस्थेने कधी सुचवलेले नाही.


बावखल, वसई

दूरदेशी यांनी वसईचे नाव घेतले म्हणून लिहीत आहे. मुंबईची ताजी भाजी, केळी आणि फुले पिढ्यान् पिढ्या आमच्या वाड्यांतून गेली. त्या वाड्यांना पाणी देणारी बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी आणि भोवतालच्या विहिरींना जिवंत ठेवणारी तळी, बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. शहराच्या पोटात कृत्रिम शेत उभारण्याच्या योजनेला जेवढे कौतुक मिळते, त्याच्या दशांशानेही शहराच्या कडेला असलेले खरे शेत वाचवण्याच्या मागणीला मिळत नाही, हे आम्ही इथे रोज अनुभवतो.

मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या पट्ट्यांवरही पालक, लाल माठ, मुळा यांची शेती होत आली आहे. अधिक धान्य पिकवा या मोहिमेअंतर्गत रेल्वेने १९७५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना त्या जागा नाममात्र मोबदल्यात दिल्या. तिथे ऊन आहे, जमीन आहे, कष्ट करणारी माणसे आहेत आणि दोन पावलांवर ग्राहक आहे; पाणी मात्र नाल्याचे, आणि त्यातून जड धातू भाजीत उतरतात ही टीका वारंवार झाली आहे. तंत्रज्ञानाचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा, असे मला कळकळीने वाटते. नाल्याचे पाणी शुद्ध करणारी छोटी केंद्रे, ठिबक, आणि पाण्याची नियमित तपासणी एवढे झाले, तर बंद गोदामातील शेतापेक्षा अनेकपट भाजी सुरक्षित होऊन मुंबईकरांच्या ताटात पोहोचेल.


दीपस्तंभ, बंगळुरू

बावखल यांचा मुद्दा मनाला भिडला. तरीही एक शंका राहते. दूरवरून येणाऱ्या भाजीच्या वाहतुकीत इंधन जळते आणि माल खराब होतो, त्यामुळे शहरात पिकलेली भाजी पर्यावरणाला हितकारकच असणार, हे तर सर्वांना मान्य असावे?


वाफसा (धागाकर्ता), पुणे

मलाही पूर्वी तसेच वाटत असे, पण मोजमाप वेगळे सांगते. युरोप आणि अमेरिकेतील ७३ शहरी शेतांचा मिशिगन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सगळी साध्या, मातीतल्या शेतीची ठिकाणे होती. त्यांतील एका वाढपामागे होणारे उत्सर्जन सरासरीने ०.४२ किलो कर्बवायूइतके भरले, तर नेहमीच्या शेतीचे ०.०७ किलो. सहापट फरकाचे मुख्य कारण वाहतूक नव्हते. वाफ्यांच्या कडा, छपऱ्या, फरशा असे जे बांधकाम थोड्याच वर्षांत मोडीत निघते, ते होते. तेच वाफे वीस वर्षे वापरले तर पाच वर्षांच्या वापराच्या तुलनेत भार साधारण एक चतुर्थांश होतो. मोकळ्यावरचा टोमॅटो आणि एरवी विमानाने येणारी भाजी यांच्या बाबतीत शहरी शेत सरस ठरले.

यातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. नवे सामान कमी घ्यावे, जे घेतले ते दीर्घकाळ वापरावे, आणि खत व पाणी इमारतीतूनच मिळवावे. मोठ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट स्वतःच्या आवारात लावण्याचे बंधन आहेच. तिथे तयार होणारे खत गच्चीवर नेले तर दोन्ही कामे होतात. विमानाने येणाऱ्या भाजीचा मुद्दा गोव्याला लागू पडतो, कारण तिथल्या हॉटेलांना विदेशी पाने वर्षभर हवी असतात. म्हापशाजवळ करासवाड्याला मातीविना लेट्यूस घेण्याचा जो उद्योग सुरू झाला, त्याला त्या मागणीचा भक्कम आधार होता.


पाटाचे पाणी, नाशिक

मी पॉलीहाऊसमध्ये, उन्हावर, नळ्यांच्या पद्धतीने पाने घेतो आणि हॉटेलांना पुरवतो. वर दिलेल्या हिशेबात प्रत्यक्ष कामातील दोन-तीन गोष्टींची भर घालतो, कारण ऊन फुकट असले तरी ते सांभाळायला किंमत पडते.

आमचा सर्वांत मोठा शत्रू एप्रिल-मेमधील पाण्याचे तापमान हा आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यात पिथियम बुरशी शिरली की पांढरीशुभ्र मुळे दोन दिवसांत तपकिरी, बुळबुळीत होतात आणि एकाच पाण्यावर असलेली सगळी ओळ जाते. मातीत रोग एका रोपाकडून दुसऱ्याकडे सावकाश सरकतो, इथे पंपच तो पोहोचवतो. वीज गेली तर नळीतला पापुद्रा संपून भर दुपारी रोपे काही तासांत माना टाकतात, त्यामुळे पंपाला इन्व्हर्टर असणे ही चैन नाही. पावसाळ्यात उजेड पुरतो, पण दमट हवेत पानांतून बाष्प उडत नाही, कॅल्शियम कोवळ्या पानांच्या टोकांपर्यंत पोहोचत नाही आणि कडा करपतात. त्यावर द्रावणात कॅल्शियम वाढवून फारसा उपयोग होत नाही, पंख्याने हवा खेळती ठेवावी लागते.


सांजवेळ, सोलापूर

केशराविषयी इतक्या स्पष्टपणे सांगितल्याबद्दल रोपवाटिका यांचे मनःपूर्वक आभार. भाच्याला हा धागा वाचायला दिला आहे. आता तो गच्चीवर छोट्या प्रमाणावर पाने लावण्याचा विचार करतो आहे. सोलापूरच्या उन्हात पाण्याचे तापमान कसे आवरावे, आणि बोअरचे पाणी चालेल का?


पाटाचे पाणी, नाशिक

बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे. पोषकद्रव्य घालण्यापूर्वीच विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) ०.५ च्या वर असेल, तर त्यात मिसळायला पावसाचे साठवलेले पाणी ठेवावे. पानांसाठी आपल्याला द्रावण १.२ ते १.८ च्या दरम्यान आणि सामू (पीएच) ५.५ ते ६.५ राखायचा असतो, आणि क्षार आधीच असतील तर खतांना जागा उरत नाही. टाकी सावलीत ठेवावी, तिला पांढरा रंग द्यावा, भोवती ओल्या गोणपाटाचे वेष्टन करावे, आणि गच्चीवरच्या नळ्या उघड्या उन्हात न ठेवता शेडनेटखाली घ्याव्यात. टाकी जितकी मोठी तितके पाणी सावकाश तापते, पण मोठी टाकी कोठे ठेवायची ते कोबा यांनी सांगितल्याप्रमाणे अभियंत्याला विचारूनच ठरवावे.

एवढे करूनही सोलापुरात मार्चअखेर ते जून मध्य लेट्यूस धरू नये, असा माझा सल्ला राहील. त्या महिन्यांत मी स्वतः नळ्या धुऊन ठेवतो आणि कोकोपीटच्या पिशव्यांवर लाल माठ, अंबाडी आणि तुळशीच्या जातीची बेझिल घेतो. ही पिके उष्णता सोसतात आणि हॉटेलवाले बेझिल उन्हाळ्यात जास्त मागतात. कोकोपीट नवे असेल तर ते आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून निथळून घ्यावे, नाहीतर त्यातले सोडियम आणि पोटॅशियम पहिल्या महिन्यात रोपांना त्रास देतात. भाचा सप्टेंबरअखेर सुरुवात करणार असेल तर रोपे तयार करण्याचे वेळापत्रक मी इथेच लिहून देईन.